छडीला आवाज नसतो

डिसेंबर 1982 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या जगद्विख्यात वाद्यवृंदातील वादकांच्या हाती एक पत्र पडले. पत्र त्यांच्या तहहयात संचालकाचे, हेर्बेर्ट फॉन कारायानचे होते. आशय रोखठोक होता. करारानुसार बर्लिनमध्ये जेवढे कार्यक्रम करणे बंधनकारक आहे तेवढे आपण करू. परदेशचे दौरे, साल्झबुर्ग आणि ल्युसर्नचे महोत्सव, दूरचित्रवाणी व चित्रपटांचे काम मात्र यापुढे स्थगित. वादकांचा पगार पश्चिम बर्लिन शहराच्या तिजोरीतून येई. त्याला हात लावणे कारायानच्या अधिकारात नव्हते. परंतु पगाराहून वेगळी अशी जी घसघशीत मिळकत होती ती नेमकी या स्थगित कामांतून होत असे. वादकांचा अपराध एवढाच की, संचालकाने पसंत केलेल्या एका क्लॅरिनेटवादिकेला घेण्यास त्यांनी नकार दिला होता. आणि असा नकार देण्याचा हक्क त्यांना त्यांच्या घटनेनेच दिलेला होता.

गिरणीतल्या कामगाराला या पत्राचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. ओव्हरटाइम बंद करून वठणीवर आणण्याची युक्ती त्याच्या परिचयाची असते. नवल वाटते ते संगीताच्या भक्तांचे. कारायानच्या मृत्यूला तीन दशकांहून अधिक काळ लोटला तरी त्याचे नाव निघताच दोन युक्तिवाद ठराविक चालीवर म्हटले जातात. पहिला असा की, कलावंताला राजकारण नसते, म्हणून हिटलरच्या राजवटीतील त्याच्या वर्तनाचा हिशेब मागू नये. दुसरा असा की, श्रेष्ठ कला मतदानाने निर्माण होत नाही, तिला एकाची अबाधित सत्ता लागते. हे दोन्ही युक्तिवाद वरवर स्वतंत्र दिसतात. कारायानची कारकीर्द तपासली तर ते एकाच मुळावर वाढलेले आढळतात.

आपल्या संगीतात गायक आणि तबलजी समोरासमोर बसून एकमेकांचा अंदाज घेत मैफल उभी करतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात शंभरांवर वादक असतात, प्रत्येकाच्या पुढे लिखित स्वरलेख असतो, आणि त्या सर्वांचा काळ, जोर आणि रंग जुळवण्यासाठी एक मनुष्य छडी घेऊन चौथऱ्यावर उभा राहतो. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या कीर्तीमुळे हा प्रकार मराठी वाचकाला निदान ऐकून माहीत आहे. छडीला स्वतःचा आवाज नसतो. संचालक संबंध कार्यक्रमात एकही स्वर वाजवत नाही. तरीही त्याचे काम खोटे नव्हे. दोन महिन्यांच्या तालमीतही शंभर माणसांना जे एकमेकांत ठरवता आले नसते, ते जाणता संचालक चार दिवसांत ठरवतो.

मार्क्सने हे उदाहरण आवर्जून घेतले आहे. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात सहकारी श्रमाची चर्चा करताना तो सांगतो की एकटा व्हायोलिनवादक स्वतःचा संचालक स्वतःच असतो, वाद्यवृंदाला मात्र वेगळा संचालक लागतो. हा भाग सगळे उद्धृत करतात. तिसऱ्या खंडात तो याच उदाहरणाकडे परत येतो, तिकडे फारसे कुणी जात नाही. तेथे त्याचा मुद्दा असा की, संचालक वाद्यांचा मालक असण्याची गरज नसते, आणि इतर वादकांच्या वेतनाशी त्याच्या कामाचा काही संबंध नसतो. जुळवणी हे श्रमाचेच एक अंग आहे, मालकी हे नव्हे. डिसेंबर 1982 च्या पत्रात जे घडले ते हेच की, जुळवणी करणाऱ्याने मिळकतीच्या नळावर हात ठेवला.

आणि तेही कोणत्या वाद्यवृंदात? 1882 साली बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्झे नावाचा एक संचालक होता. वाद्यवृंद त्याच्या मालकीचा, वादक त्याचे नोकर. पगार तुटपुंजा. त्याने वॉर्सॉच्या दौऱ्यासाठी वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाच्या डब्यातून नेण्याचे ठरवले. चोपन्न वादकांनी नकार दिला, नोकरी सोडली आणि स्वतःची मंडळी स्थापली. ती पुढे बर्लिन फिलहार्मोनिक म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्यात नवा वादक कोण घ्यायचा हे मतदानाने ठरवायचे, आपल्यापुढे कोण उभा राहील यातही आपलाच शब्द, असा तिचा रिवाज पडला. ज्या संस्थेच्या शिस्तीचे आणि एकसंध नादाचे एवढे पोवाडे गायले जातात ती संस्था मुळात एका मालकाविरुद्धच्या बंडातून जन्मली, ही गोष्ट चरित्रकारांच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते.

या वादकांनी आपली स्वायत्तता पहिल्यांदा गमावली ती कारायानमुळे नव्हे. मंदीने डबघाईला आलेली त्यांची संस्था 1934 मध्ये नाझी सरकारने विकत घेतली. वादकांचे समभाग गेले, ते सरकारी नोकर झाले आणि गोबेल्सच्या प्रचारखात्याच्या कक्षेत आले. व्हायोलिनवादकांचा प्रमुख शिमॉन गोल्डबर्ग ज्यू होता. त्याला वाद्यवृंद सोडावा लागला. उरलेल्यांना युद्धकाळात सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळाली आणि जिंकलेल्या देशांच्या राजधान्यांतून ते जर्मन संस्कृतीची जाहिरात करीत फिरले. समाजवादी माणसाने वादकांची बाजू घेताना हेही विसरता कामा नये.

कारायान त्या वेळी कोठे होता? जन्म साल्झबुर्गचा, 1908 चा. 1933 साली तो पंचवीस वर्षांचा होता आणि उल्म या लहान गावच्या ऑपेरागृहात काम करीत होता. 7 एप्रिल 1933 रोजी जर्मनीत सरकारी सेवेतून ज्यूंना काढून टाकणारा कायदा झाला. शेकडो संगीतकारांच्या जागा त्याने रिकाम्या केल्या. दुसऱ्याच दिवशी, 8 एप्रिलला, साल्झबुर्गमध्ये कारायानचे नाव नाझी पक्षाच्या सभासदयादीत दाखल झाले. युद्धानंतर तो आयुष्यभर सांगत राहिला की आपण 1935 मध्ये, आखेन शहराच्या संगीतप्रमुखाचे पद मिळवण्यासाठी, निव्वळ औपचारिकता म्हणून सभासद झालो. कागदपत्रे वेगळे सांगतात. साल्झबुर्गची एक नोंद आहे, आणि 1 मे 1933 या तारखेने उल्मची दुसरी नोंद आहे. आखेनचे पद तेव्हा क्षितिजावरही नव्हते.

समजा, त्याचाच जबाब खरा धरला. त्याने कुणा ज्यूला छळले असा आरोप नाही. त्याच्या दुसऱ्या पत्नीचे आजोबा ज्यू होते आणि 1942 मधील त्या विवाहामुळे त्याला काही त्रास सोसावा लागला, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. तो विचाराने नाझी नव्हता, केवळ महत्त्वाकांक्षी होता, असा बचावाचा एकूण सूर आहे. पण हा बचाव आहे की कबुली? एक पद मिळावे म्हणून खुनशी पक्षाचे सभासदत्व घेणाऱ्याला राजकारण नव्हते असे म्हणणे म्हणजे राजकारण फक्त विचार असणाऱ्यांचेच असते असे मानणे होय. हुकूमशाही जेवढी श्रद्धाळूंवर चालते त्याहून कितीतरी अधिक पदेच्छूंवर चालते.

त्या काळात दुसरा मार्ग नव्हता, असेही म्हटले जाते. फ्रिट्झ बुश ज्यू नव्हता. ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहातून नाझी गुंडांनी त्याला मार्च 1933 मध्ये हुसकावले, आणि पुढे तडजोडीची संधी असताना तो देश सोडून गेला. एरिख क्लायबर ज्यू नव्हता. हिंडेमिथच्या संगीतावरील बंदीच्या वेळी, 1934 च्या अखेरीस, त्याने बर्लिनच्या राजकीय ऑपेराचा राजीनामा दिला. तोस्कानिनी तर परका, इटालियन. त्याने 1933 सालीच बायरॉइटच्या महोत्सवाकडे पाठ फिरवली. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागांमुळेच तरुणांना वाट मोकळी झाली. 1938 मध्ये बर्लिनच्या ऑपेरागृहात कारायानने ‘ट्रिस्टान’ सादर केले आणि एका बर्लिनी दैनिकाने त्याला चमत्कार म्हटले. मे 1941 मध्ये तो तेच ‘ट्रिस्टान’ घेऊन जर्मन सैन्याच्या ताब्यातील पॅरिसमध्ये उभा होता.

युद्धोत्तर कथा अधिक बोधक आहे, कारण तेथे सरकारची जागा बाजाराने घेतली. व्हिएन्नात दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी कारायानला जाहीर कार्यक्रमांची बंदी केली. ती ऑक्टोबर 1947 पर्यंत टिकली. इंग्लंडच्या ईएमआय कंपनीचा वॉल्टर लेग 1946 मध्ये व्हिएन्नात आला. त्याने बंदीहुकूम नीट वाचला असावा. बंदी जाहीर कार्यक्रमांवर होती. बंद दालनात यंत्रापुढे वाजवणे हा जाहीर कार्यक्रम नव्हे! 1946 च्या शरद ऋतूत कारायान व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह ध्वनिमुद्रिका करू लागला. जो मनुष्य शंभर व्हिएन्नावासीयांपुढे उभा राहण्यास अपात्र ठरला होता, तो जगभरच्या लाखो घरांत पोहोचण्यास मात्र पात्र होता.

नोव्हेंबर 1954 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख फुर्टव्हेंग्लर वारला. वाद्यवृंदाचा अमेरिकेचा पहिला दौरा तोंडावर आला होता. ढिगाऱ्यांतून हा वाद्यवृंद पुन्हा उभा करण्यासाठी ज्याने चारशेहून अधिक कार्यक्रम केले तो चेलिबिदाके बाजूला पडला. त्याच्या जिभेने वादक दुखावले होते हेही खरे. कारायानने अडचणीची वेळ ओळखली. दौऱ्यावर येतो, पण उत्तराधिकारी म्हणून, आणि तेही तहहयात, अशी त्याची अट होती. ती मान्य झाली. न्यूयॉर्कमध्ये निदर्शने झाली आणि तेथील वादकांच्या संघटनेतील शेकडो सभासदांनी या दौऱ्याविरुद्ध निवेदनावर सह्या केल्या. आयोजकांना त्यामुळे तिकिटविक्रीची चिंता वाटली नाही.

तहहयात या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मालकाला नाकारून जन्मलेल्या मंडळीने एका माणसाला मरेपर्यंतचा पट्टा लिहून दिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मत वादकांचेच होते. शीतयुद्धातल्या पश्चिम बर्लिनला एक चमकता दिवा हवा होता, शहराचे शासन पैसा ओतायला तयार होते, वादकांना दौरे आणि मुद्रिका दिसत होत्या. सुबत्तेच्या आशेने माणसे स्वतःच्या हाताने आपल्यावर तहहयात नेता बसवतात, याचे उदाहरण पाहायला राजकारणाच्याच इतिहासात जावे लागते असे नाही.

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे पदांची लूट होती. बर्लिन हाती होतेच. व्हिएन्नाचे ऑपेरागृह आले, साल्झबुर्गचा महोत्सव आला, मिलानच्या स्काला ऑपेरागृहात मानाचे स्थान होतेच. त्या काळचा एक विनोद असा: कारायान टॅक्सीत बसतो, चालक विचारतो कोठे जायचे, तो म्हणतो कोठेही ने, सगळीकडे माझी गरज आहे. भक्तगण हा विनोद कौतुकाने सांगत.

व्हिएन्नात त्याची गाठ संघटित कामगारांशी पडली. 1962 च्या सुरुवातीला रंगमंच कामगारांच्या जादा कामाच्या मोबदल्याचा तंटा त्याला डावलून मिटवला गेला म्हणून त्याने राजीनामा दिला, मग मागे घेतला. नोव्हेंबर 1963 मध्ये त्याने ‘ला बोहेम’साठी इटलीहून एक प्रॉम्प्टर आणला. त्या माणसाकडे ऑस्ट्रियात काम करण्याचा परवाना नाही, असा आक्षेप युनियनने घेतला, कामगारांनी काम थांबवले आणि पहिल्या प्रयोगाच्या रात्री पडदा उघडलाच नाही. या प्रकरणात युनियनची भूमिका संकुचित होती असे कुणी म्हणाले तर ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. परक्या देशातल्या एका प्रॉम्प्टरमुळे कामगारांची भाकरी हिरावली जात नव्हती. परंतु कारायानला खटकत होते ते युनियनचे कारण नव्हे, तिचे अस्तित्व. 1964 मध्ये तो व्हिएन्नाचे ऑपेरागृह सोडून गेला.

बर्लिनमध्ये तसा अडसर नव्हता. तेथे त्याने संगीताचा जो कारखाना उभारला त्याला तोड नाही. बीथोव्हेनच्या नऊ सिम्फनींचा पूर्ण संच त्याने चार वेळा ध्वनिमुद्रित केला: एकदा लंडनच्या वाद्यवृंदासह 1950 च्या दशकात, नंतर बर्लिनसह 1961–62 मध्ये, 1970 च्या दशकात आणि पुन्हा 1980 च्या दशकात. मुद्रणाचे तंत्र बदलले की जुना माल जुना होतो आणि तोच ऐवज नव्याने विकता येतो, हे व्यापारी सूत्र त्याच्याइतके कुणाला उमगले नव्हते. 1981 साली साल्झबुर्गमध्ये सोनी व फिलिप्स यांच्या कॉम्पॅक्ट डिस्कची जगाला ओळख करून देताना तोच व्यासपीठावर होता. त्याचे चित्रपट पाहावेत. कॅमेरा मिटल्या डोळ्यांच्या संचालकाभोवती फिरतो. वादक दिसतात ते गजांच्या समांतर रांगा म्हणून, पितळी नळ्यांची चमक म्हणून, चेहरे म्हणून क्वचितच. पुढे 1982 मध्ये त्याने मोनॅकोत स्वतःची चित्रपटकंपनी काढली आणि संपादनही स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले. ज्यांच्या फुफ्फुसांतून आणि बोटांतून तो स्वर निघत होता त्यांच्या श्रमाचे असे दृश्यरूप झाले.

या संगीताचा दर्जा नाकारण्याचे कारण नाही. त्यातील काही मुद्रिका थक्क करणाऱ्या आहेत. वाईट संगीत करणाऱ्याशी वाद घालण्याची तसदी कुणी घेतलीही नसती.

आता क्लॅरिनेटचे प्रकरण. येथे पुरोगाम्यांची खरी कसोटी आहे. झाबिने मायर ही तरुण, असामान्य वादिका कारायानला हवी होती. वादकांनी म्हटले की तिचा नाद आमच्या सुषिर वाद्यांत मिसळत नाही. त्यांचे मत 73 विरुद्ध 4 असे तिच्या विरोधात पडले. नाद मिसळत नाही हे कारण होते की सबब? 1882 पासून शंभर वर्षे या मंडळीत एकही स्त्री कायम सभासद नव्हती. पहिली व्हायोलिनवादिका 1982 मध्येच घेतली गेली. अशा पुरुषी मठाला ‘नादा’ची ढाल वापरू देणे म्हणजे डोळे मिटून घेणे होय. मायरवर अन्याय झाला असेच मानण्यास सबळ आधार आहे. पुढे एकल वादिका म्हणून तिने जे नाव मिळवले ते सर्वांपुढे आहे.

म्हणून कारायान स्त्रीमुक्तीचा कैवारी ठरतो काय? 1955 पासून 1982 पर्यंत सत्तावीस वर्षे याच स्त्रीविरहित वाद्यवृंदापुढे तो उभा होता. त्या काळात मिळकतीचा नळ बंद करणारे पत्र त्याने स्त्रियांसाठी कधी लिहिले नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, बर्लिनशी बिनसल्यावर तो अधिकाधिक वळला तो व्हिएन्ना फिलहार्मोनिककडे, आणि त्या संस्थेने 1997 पर्यंत एकाही स्त्रीला सभासद करून घेतले नव्हते! तेथे त्याला कसली उणीव जाणवली नाही. बर्लिनमध्ये प्रश्न निवड कोणाची, हा होता. एका स्त्रीचा न्याय्य हक्क त्याने आपल्या मालकीहक्काच्या दाव्यात शस्त्र म्हणून वापरला, आणि वादकांनी आपल्या न्याय्य मताधिकाराचा उपयोग तिला दाराबाहेर ठेवण्यासाठी केला. दोहोंच्या मध्ये ती चिरडली गेली आणि अखेर तिने स्वतःच माघार घेतली.

मताधिकार चुकीचा वापरला गेला तर तो काढून वरच्याच्या हाती द्यावा, हा युक्तिवाद प्रत्येक गिरणीमालकाच्या आणि प्रत्येक लष्करशहाच्या तोंडी असतो. कामगारांची सभा स्त्रीविरोधी ठराव करते तेव्हा त्या सभेत जाऊन झगडावे लागते. ते काम कंटाळवाणे आहे. 1982 मध्ये ते करायला संचालकाला सवड नव्हती, आणि त्याच्या बाजूने लेख लिहिणाऱ्यांना तर नव्हतीच.

कला मतदानाने होत नाही, या आक्षेपाला उत्तर इतिहासात आहे. मॉस्कोमध्ये 1922 साली लेव्ह त्सेतलिन या व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने पेर्सिम्फान्स हा संचालकाविना वाजवणारा वाद्यवृंद निघाला. वादक वर्तुळात, एकमेकांना दिसतील असे बसत. तालीम लांबे, वाद होत, पण सिम्फनी वाजे. प्रोकोफिएव्हने 1927 मध्ये त्यांच्यासह वाजवले. हा प्रयोग 1932 पर्यंत चालला. त्या वर्षी तो बंद पडला, आणि तोही कामगारांच्या नावाने चाललेल्या राजवटीत. स्टालिनच्या देशात एव्हाना सर्वत्र एकच छडी उरली होती. न्यूयॉर्कमध्ये 1972 साली स्थापन झालेला ऑर्फियस हा लहान वाद्यवृंद संचालकाविनाच वाजवू लागला. प्रत्येक वाद्यवृंदाने तसेच करावे असे नाही. मालरच्या प्रचंड सिम्फनींना जुळवणारा हवाच. पण जुळवणाऱ्याला निवडता येते, मुदत देता येते आणि निरोपही देता येतो.

एप्रिल 1989 मध्ये कारायानने बर्लिनच्या पदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी 16 जुलैला साल्झबुर्गजवळच्या आनिफ गावी, राहत्या घरी, त्याला मृत्यू आला. त्या वेळी त्याच्याजवळ सोनी कंपनीचा अध्यक्ष नोरिओ ओगा होता. त्या ऑक्टोबरमध्ये वादकांनी गुप्त मतदान करून क्लाउदिओ आबादोची निवड केली. त्याने येताच सांगितले की आपल्याला सगळ्यांनी नुसते क्लाउदिओ म्हणावे. 2002 मध्ये सायमन रॅटलच्या आगमनाबरोबर संस्थेला स्वायत्त सार्वजनिक प्रतिष्ठानाचे रूप मिळाले. 2023 मध्ये व्हायोलिनवादकांच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक स्त्री आली, आणि तीही वादकांच्याच मताने. फिलहार्मोनिकचे सभागृह ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव मात्र आजही हेर्बेर्ट फॉन कारायान मार्ग असेच आहे.

11 मे 2015 रोजी रॅटलचा उत्तराधिकारी निवडण्यासाठी सव्वाशेच्या आसपास वादक बर्लिनच्या डालेम भागातील येशू ख्रिस्त चर्चमध्ये जमले. हे चर्च नाझीविरोधी पाद्री मार्टिन नीम्यॉलर याच्या प्रवचनांमुळे प्रसिद्ध. आणि कारायानच्या असंख्य बर्लिनी ध्वनिमुद्रिका झाल्या त्याही येथेच. दारे बंद करून अकरा तास चर्चा चालली, मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. बाहेर जगभरचे वार्ताहर ताटकळत होते. रात्री वादक बाहेर आले आणि त्यांनी सांगितले की पुरेसे बहुमत कुणालाच मिळालेले नाही, पुन्हा बसावे लागेल. सहा आठवड्यांनी ते पुन्हा बसले.